जेवणाची हाळी

सरकारांना वेळेवर जेवायची अक्कल नव्हती, हे मी आजही कुणालाही सांगेन. त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, मग पाठीमागं सांगायला कसली भीती? साखरेची गोळी अगदी घड्याळ लावून घ्यायचे आणि मग पुढ्यातल्या ताटाला हात न लावता बसून राहायचे. का? तर गावात कुणी उपाशी आहे का, ते विचारल्याशिवाय गढीचा मालक जेवत नाही म्हणून. बरं, विचारायचं तर विचारा की! पण विचारून झाल्यावर कुणी येतंय का, याची वाटही बघायची. आणि येत कुणीच नव्हतं.

मी तेव्हा नगर जिल्ह्यात खर्ड्याच्या बाजूला एका गावात आरोग्य उपकेंद्रावर सिस्टर होते. घर भिंगारला. मिस्टर आणि पोरं तिकडं, मी इकडं. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं जायचं, रविवारची उपासना करायची आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत. उपकेंद्राला खोल्या दोन. एकीत गावाची दुखणी, दुसरीत मी. आणि रस्त्याच्या पलीकडं, बरोबर समोर, ती गढी.

रुजू झाले त्याच दिवशी दुपारी औषधांची खोकी फोडत होते, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी जीव खाऊन ओरडलं. शब्द कळले नाहीत. मला वाटलं, झालं, कुणाला तरी पान लागलं, साप चावला. पिशवी उचलली आणि चपलाही न घालता रस्ता ओलांडून पळाले. गढीच्या दरवाज्यात एक म्हातारा उभा होता. धोतर, मळका पटका, आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडतोय, "भुकेलं हाय का कुनीऽऽ? जेवायचं ऱ्हायलंय का कुनाचंऽऽ? गढीवर पान मांडलंय, यावं होऽऽ!"

"काय झालं? कोण पडलं?" मी विचारलं.

"कुनी न्हाई पडलं. सरकार जेवाय बसायचेत."

"मग ओरडताय कशाला एवढं?"

"हाळी हाय ती, शिस्टर. रोजचीच." मग माझ्याकडं नीट बघून तो म्हणाला, "तुमचं झालं न्हवं जेवान?"

"झालं," मी म्हटलं. झालं कुठलं! सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पण भर रस्त्यात, अनवाणी, दहा जण बघताहेत, तिथं कोण म्हणणार की हो बाबा, मी उपाशी आहे?

तिथंच सगळं घोडं अडलं होतं. हाळी पूर्वापार चालत आलेली. दुष्काळात म्हणे गावंच्या गावं त्या हाळीवर जगली. पण आता गावात दोन हॉटेलं, रेशन, शाळेत खिचडी. आणि हाळीला जायचं म्हणजे आपण भुकेले आहोत असं गावासमोर कबूल करायचं. हॉटेलात बसलेली माणसं तिथनंच हात हलवायची, "जेवलो सरकाऽर!" आणि एकमेकांना कोपर मारून हसायची.

हाळी देणारा तो म्हातारा म्हणजे गेणूदादा. गढीत माणसं दोनच, सरकार आणि हा. बाकी टेकाडावरचे चार बुरूज, त्यातले दोन ढासळलेले, पूर्वेकडं तोंड केलेला हत्ती जाईल असा दरवाजा, आत चिंचेची बाग, विहीर, देवीचं देऊळ आणि मोजताना मध्येच कंटाळा यावा इतक्या खोल्या. जहागिरी कधीच गेली होती. जमीन कूळकायद्यात गेली, उरली ती चुलतभावांच्या कज्ज्यात अडकली. चिंचांवर आणि बटईनं दिलेल्या दोन तुकड्यांवर हा सगळा डोलारा चालायचा. सरकारांची बायको, म्हणजे वहिनीसाहेब, पुण्याला मुलाकडं. नवरात्रात देवीची ओटी भरायला यायच्या, दोन दिवस राहायच्या, वटवाघळांना घाबरायच्या आणि परत जायच्या. जाताना दर वेळी म्हणायच्या, "आता तुम्हीही चला." सरकार म्हणायचे, "गढी कुणावर टाकून येऊ?" जसं काही गढीला ताप भरला होता.

दिसायला सरकार उंच, काटकुळे, आणि कायम कोटात. मे महिना असो, वीज गेलेली असो, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मी एकदा म्हटलं, "अहो, उकडून मराल. काढा तो कोट. कोण बघतंय इथं?"

"कुणी आलं तर?" ते म्हणाले.

"कोण येणारंय?"

 कोट काही काढला नाही.

सकाळी उठून एकेका खोलीचं कुलूप काढायचे, खिडक्या उघडायचे, आणि दिवस कलला की पुन्हा एकेक लावत यायचे. खोल्यांना हवा लागते म्हणे, नाहीतर कोंडतात. खोल्यांना नावंही माणसांची. आत्यासाहेबांची खोली, काकासाहेबांची कचेरी, धाकट्या सूनबाईंचं माजघर. त्यातलं एकही माणूस हयात नव्हतं. "आत्यासाहेबांच्या खोलीत ओल यायला लागलीय," असं ते मला काळजीनं सांगायचे. मी म्हणायचे, "तुमच्या पायावर सूज यायला लागलीय, तिचं काय ते बघा आधी."

त्यांचं 'परवा' हे तर एक प्रकरणच होतं. "परवा निजामाची माणसं इथनंच गेली," असं पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी खरंच मागं वळून रस्त्याकडं बघितलं. परवा म्हणजे दोन दिवसांपूर्वी, दोन वर्षांपूर्वी की दोनशे वर्षांपूर्वी, ते आपण ओळखायचं. "परवा पाहुणे आले होते जेवायला," हे त्यांचं आवडतं. सोलापूरकडचं एक कुटुंब शनिशिंगणापूरला निघालं होतं, रस्ता चुकून गावात आलं, नेमकं हाळीच्या वेळेला. गाडीतल्या म्हातारबुवांनी गेणूदादाला साधेपणानं सांगितलं, हो बाबा, सकाळपासून काही नाही पोटात. सगळे आत येऊन पंगतीला बसले. पोरांनी ताक सांडलं. एका पोरानं भाकरी पाहिजेच नाही म्हणून भोकाड पसरलं. सरकार हे इतकं रंगवून सांगायचे की मला वाटलं मागच्या आठवड्यातली गोष्ट. गेणूदादाला विचारलं तर म्हणाला, "लई साल झालं त्याला. तवा माजी कारभारीन हुती सैपाकाला."

आणि एक रीत फार विचित्र. गढीचा मालक कुणाच्या दारात जायचा नाही. गावात लग्न निघालं की आहेर घेऊन गेणूदादा जाणार. मयत झालं तरी गेणूदादाच खांदा देऊन येणार. सरकार बुरुजावर उभे राहून वरात बघायचे, नाहीतर तिरडी बघायचे. कुणाच्या घरी काय चाललंय ते सगळं ठाऊक, पण लांबूनच. गर्व होता म्हणावं तर तसंही नाही. मला वाटतं, त्यांना खाली उतरायला कुणी शिकवलंच नव्हतं.

आताशा लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी यायची गढीत. नगरहून, बार्शीहून, मोठाल्या गाड्या घेऊन. सरकारांना त्याचा केवढा आनंद! त्यांच्या लेखी ते पाहुणेच. एकदा एक जोडपं आलं, मुलगी लांबलचक झग्यात, मुलगा घोड्यावर बसायला निघाल्यासारखा नटलेला. सरकार दरवाज्यात उभे राहून कौतुकानं बघतायत, तर फोटोवाला पोरगा ओरडला, "ओ काका, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय." स्वतःच्या दरवाज्यातून सरकार बाजूला झाले. मला इतका राग आला, पण ते शांत. उलट गेणूला म्हणाले, "विचार त्यांना, जेवून जाताहेत का." गेणूदादानं विचारलं. मुलगी गोड हसून म्हणाली, "नको आजोबा, आम्ही बिर्याणी आणलीय." त्यांनी ती गाडीतच बसून खाल्ली आणि डबे विहिरीपाशी टाकून गेले. त्या दिवशी सरकार नेहमीपेक्षा जास्त वेळ ताटावर बसून राहिले.

हे वाट बघणं किती वेळ, तर त्यालाही रीत. हाळी दिल्यावर दरवाज्याची सावली बाहेरच्या पहिल्या पायरीवर उतरेपर्यंत थांबायचं. घड्याळ नव्हतं तेव्हाचा हिशेब तो. मी म्हणायचे, "सरकार, सावलीला काय कळतंय तुम्ही गोळी घेतलीय ते?" तर म्हणायचे, "बाई, भुकेला माणूस लांबून येत असतो. त्याला पोचायला वेळ द्यायला नको?"  मला ते कायम 'बाई' म्हणायचे. गाव म्हणायचं शिस्टर.

श्रावणात एकदा व्हायचं तेच झालं. आभाळ भरून आलेलं, सावलीचा पत्ता नाही. सावली नाही म्हणजे किती थांबायचं ते ठरेना, म्हणून सरकार थांबलेच. गेणूदादा धापा टाकत उपकेंद्रात आला, "शिस्टर, चला, सरकार कायतरी बरळत्यात." जाऊन बघते तर घामानं कोट भिजलेला, हात थरथरतायत, आणि मला म्हणतात, "आत्यासाहेब, पान घ्या." मी सरळ साखर पाण्यात कालवून तोंडाला लावली. तोंड मिटून घेतलं! "अजून कुणी आलं नाही," म्हणाले. मग मात्र माझं डोकं फिरलं. त्यांचं नाक दाबलं, तोंड उघडलं की ओतलं. जहागीरदाराचं नाक दाबणारी गावातली मी पहिलीच असेन.

भानावर आल्यावर मी त्यांना फाडफाड बोलले. "कुणासाठी चाललंय हे? कोण येणारंय? लोक हसतात तुम्हाला. तुम्ही मेलात तर उद्या सगळ्यांत आधी तुमची हाळी बंद होईल, तेवढं तरी कळतंय का?"

"लोक का येत नाहीत, बाई?" त्यांनी विचारलं. अगदी साधं, लहान आवाजात. मला वाटतं, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी विचारलं.

मग मीही सांगून टाकलं. म्हटलं, ऐका. माझी आजी असल्याच एका गढीच्या पायऱ्यांखाली वाढली. ही नव्हे, दुसऱ्या तालुक्यातली. तिथं दोन हाळ्या व्हायच्या. पहिलीला जाणारे आत पंगतीला बसायचे. त्यांचं उरकलं की दुसरी. ती आमच्या माणसांसाठी, गावाबाहेरच्यांसाठी. त्यांनी खाली धुळीत पदर पसरून उभं राहायचं आणि वरून भाकरी टाकायचे. पदरात पडली तर बरं, खाली पडली तर झटकून खायची. "आजीला मरेपर्यंत कुणी मोठ्यानं हाक मारलेली खपायची नाही," मी म्हटलं. "तुम्हाला ती हाळी म्हणजे पुण्य वाटतं. ज्यांनी ती खालून ऐकलीय त्यांना काय वाटतं, ते कधी विचारलंत?"

सरकारांनी कोटाचं वरचं बटण चाचपलं. मग म्हणाले, "दुसरी हाळी आम्ही कधी दिली नाही, बाई."

"द्यावी लागली नाही तुम्हाला. तोवर आमची माणसं मिशनच्या शाळेत शिकून आपापली भाकरी मिळवायला लागली होती."

"मग तुम्ही जेवायला या. आत. आमच्यासमोर बसून जेवा."

"हाळीवर मी यायची नाही," मी म्हटलं. "माणसाला जेवायला बोलवायचं तर त्याच्या दारात जातात आणि नाव घेऊन बोलवतात. सगळं जग तसंच करतं."

"तशी इथली रीत नाही."

"मग बसा एकटे!" असं म्हणून मी पिशवी उचलली आणि आले. जिभेला हाड नाही माझ्या, मिस्टर नेहमी म्हणतात. पण खोटं काय बोलले होते?

त्यानंतर कितीतरी दिवस गेले. हाळी रोज व्हायची, मी खिडकीतून बघायचे. गेणूदादा ओरडून झाला की सरकार आतून येऊन दरवाज्यात उभे राहायचे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायचे, सावलीकडं बघायचे आणि आत जायचे. मला दिसायचं, त्यांना भिकारी नको होता, पुण्य नको होतं, त्यांना एक माणूस पाहिजे होता समोर बसून जेवणारा. पण तसं मागायचं कसं, ते त्यांना येत नव्हतं. त्यांच्याकडं मागायला फक्त ती हाळी होती, आणि तिचा अर्थ गावाला भलताच लागत होता.

दिवाळी होऊन गेली. एक दिवस सकाळी बघते तर समोरच्या हॉटेलातली सगळी माणसं उठून उभी राहिलेली. सरकार गढीच्या पायऱ्या उतरत होते. कोट, काठी, आणि मागं लांबून गेणूदादा. रस्त्यावर आले तर तिथंच थांबले. एसटी गेली, टेम्पो गेला, दोन मोटारसायकली गेल्या, तरी यांना ओलांडायचं कधी ते कळेना. शेवटी आले. माझं दार उघडंच होतं, पण उंबऱ्याबाहेर थांबून राहिले. कडी वाजवायची, खाकरायचं की हाक मारायची, तेही त्यांना माहीत नव्हतं. मी आतून बघत होते. 

"या ना सरकार," मी म्हटलं.

"बाई, तुमचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ते त्यांनी एकदा हळूच स्वतःशी म्हणून बघितलं, मग मोठ्यानं म्हटलं, आणि पुढं म्हणाले, "उद्या दुपारी आमच्याकडं जेवायला या."

दुसऱ्या दिवशी मी नाताळची साडी नेसून गेले. शंभर माणसं बसतील अशा त्या ओसरीवर समोरासमोर दोन पाट मांडलेले. गेणूदादानं हुलग्याची शेंगोळी केली होती, बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. सावलीची वाट बघायचं त्या दिवशी कारणच नव्हतं. सरकार बसल्या बसल्या जेवायला लागले आणि बोलायला लागले. त्यांना इतकं बोलता येतं हेच मला माहीत नव्हतं. ते लहानपणी विहिरीत पडले होते, त्यांना गणित येत नव्हतं, पुण्याच्या कॉलेजात असताना खोलीवर एकट्यानं जेवायची लाज वाटून ते जेवणच टाळायचे. मी हसले, तेही हसले. गेणूदादा भिंतीला टेकून उभा राहून वाढत होता.

मला सहज वाटलं म्हणून मी विचारलं, "गेणूदादा, तुमचं पान कुठाय?"

"माजं मागं हाय की," तो म्हणाला.

"मागं म्हणजे?"

"गोठ्यापाशी. तुमचं झाल्यावर."

"कुणाबरोबर जेवता?"

गेणूदादा हसला. "जेवायला कशाला मानूस लागतंय, शिस्टर?"

सरकारांचा हात ताटातच थांबला. मी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा गेणूदादाकडं. एका गढीत दोन माणसं. एक पुढं ओसरीवर एकटा बसून माणसाची वाट बघतोय, दुसरा मागं गोठ्यापाशी एकटाच जेवतोय. आणि मधल्या वेळात तोच दरवाज्यात जाऊन गावभर ओरडतोय की कुणी जेवायचं राहिलंय का.

"सरकार," मी म्हटलं, "गेणूदादा तुमच्याबरोबर का नाही बसत?"

"गेणू घरचा आहे," ते गोंधळून म्हणाले. "हाळी परक्यांसाठी असते."

"घरचा आहे ना? मग घरच्यासारखा बसवा की शेजारी! सगळ्या गावाला विचारून झालं, ह्याला कधी विचारलंत?"

सरकार काही बोलायच्या आत गेणूदादाच माझ्यावर भडकला. हातातली परात त्यानं आपटलीच. "शिस्टर, जेवाय आलाय, गुमान जेवा. आमच्या घरात काड्या घालू नका. माजा बाप मागंच जेवला, मीबी मागंच जेवनार. मला काय कमी हाय हितं?"

पुढचं जेवण आम्हा दोघांनाही गेलं नाही. मी हात धुतले आणि आले. आठवडाभर गेणूदादा माझ्याशी बोलला नाही. रस्त्यात दिसला तर पटका सारखा करत दुसरीकडं बघायचा. बघू दे म्हटलं, मी कुठं चोरी केली होती!

पण सरकारांचा बीपी बघायला जायलाच पाहिजे होतं. एक दिवस हाळी ऐकली आणि मुद्दाम त्याच वेळेला गेले, ताटावर एकटे बसले असतील तर आज आणखी चार शब्द सुनवायचे म्हणून. ओसरीवर कुणी नाही. ताट नाही, पाट नाही.  हाका मारत मागं गेले तर गोठ्यापुढच्या पडवीत दोघंही जेवायला बसलेले. पण कसे? पाठीला पाठ लावून. सरकारांचं तोंड चिंचेच्या बागेकडं, गेणूदादाचं गोठ्याकडं.

"हा काय प्रकार?" मी विचारलं.

गेणूदादा मान न वळवता म्हणाला, "तुमच्याच करनीचं फळ हाय. परवाच्याला सरकार ताट उचलून आलं हितं मागं. मी उठलो तर म्हनले, बस. बसलो, पन त्येंच्या तोंडाम्होरं घासच उतरंना मला. मंग फिरून बसलो."

"आता उतरतो का?"

"उतरतो की."

"गेणू," सरकार बागेकडं बघत म्हणाले, "आमटीला मीठ कमी आहे."

"कमीच ऱ्हानार. शिस्टरनं सांगितलंय."

"बाई इथंच उभ्या आहेत."

"म्हनून तर मोठ्यानं सांगतोय."

मी पदर तोंडाला लावून हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी कधी आलं ते कळलं नाही. पुढं ते तसेच जेवत राहिले, रोज. हाळी गेणूदादानं सोडली नाही, ती त्याच्या बापाची होती. पण ओरडून झालं की सरकार रस्त्याकडं न बघता थेट मागं जायचे. दोघं समोरासमोर असताना "व्हय सरकार, न्हाई सरकार" यापलीकडं कधी बोलणं नसायचं, पण पाठीला पाठ लागली की दोघांच्या तोंडाला खळ नसायचा. गेणूदादाची लेक आष्टीकडं दिली होती, तिची सासू कशी खाष्ट आहे, ते सरकारांना तिथं कळलं. वहिनीसाहेब पुण्याला का राहिल्या ते गेणूदादाला तिथं कळलं. प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "सिस्टर, ह्यांची साखर एकदम बरी कशी? गोळी बदलली का?" म्हटलं, "गोळी तीच आहे, जेवायची जागा बदललीय."

मग माझी बदली झाली घराजवळ. फोन मात्र यायचे. फोन गेणूदादाच्या मोबाईलवरून, लावायचाही तोच, आणि "घ्या, सरकार बोलत्यात," म्हणून त्यांच्या हातात द्यायचा.

गेल्या उन्हाळ्यात दुपारी फोन वाजला. गेणूदादाचं नाव बघून मी उचलल्या उचलल्या म्हटलं, "बोला गेणूदादा, कशीय सावली?" पलीकडं कुणीच बोलेना. मग आवाज आला, "बाई, आम्ही बोलतोय. फोन आम्हीच लावला."

मी समजले.

दोन दिवस गेणूदादाला ताप होता म्हणे. कुणाला सांगितलं नाही, भाकरीसुद्धा त्यानंच थापली. सकाळी उठला नाही. लेक आली, जावई आला, सगळं रीतीनं झालं. "आम्ही स्मशानापर्यंत चालत गेलो," सरकार म्हणाले. "खांदा दिला. लोकांनी आधी नको म्हटलं, मग जागा दिली. परत येताना एका घरात आम्हाला चहाला बोलावलं. आम्ही गेलो."

"बरं केलंत," मी म्हटलं. "आज जेवलात का?"

"हॉटेलवाल्यानं डबा दिलाय. ताट वाढून घेतलं, मागंच येऊन बसलो. पण आमच्या जागेवर बसवेना. पाठीला काही लागत नव्हतं. म्हणून मग त्याच्या जागेवर बसलोय."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"बाई," ते म्हणाले, "इथनं काही दिसत नाही हो. नुसती गोठ्याची भिंत आहे. आमच्या बाजूनं चिंचा दिसतात, आभाळ दिसतं, पाखरं येतात, आम्ही रोज त्याला सांगायचो, आज काय काय आलंय. तो हं हं म्हणायचा. त्याला आम्ही एकदाही विचारलं नाही, गेणू, तुला काय दिसतं."

एवढं बोलून त्यांचा आवाज गेला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण रडायची सवय नव्हती. नुसता श्वास ऐकू येत होता, अडकत अडकत.  शेवटी माझ्या तोंडातून निघालं ते रोजचंच.

"सरकार, गोळी घेतलीय ना?"

"घेतलीय."

"मग आधी जेवा. भिंतीकडं बघत जेवा, पण आत्ता जेवा. मी आहे फोनवर."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी फोन जवळच कुठंतरी खाली ठेवला. भाकरी मोडल्याचा आवाज आला.